सातही समित्यांची सदस्या

सोमवारी सकाळी पाणीपुरवठा कार्यालयात वरून आदेश आला. यापुढे प्रत्येक समितीत किमान एक महिला असावी, आणि तिच्या हजेरीशिवाय झालेली बैठक रद्द समजावी. कार्यालयात समित्या होत्या सात आणि बाई होती एक. हेडक्लार्कनी हा प्रश्न चहा निवायच्या आत सोडवला.

ती एक बाई म्हणजे नकाशेबाई. नळांचे नकाशे काढायच्या, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणत. दुपारपर्यंत त्या उंदीर निर्मूलन, भंगार विक्री, कँटीन, वाहन, निरोप समारंभ आणि निवड अशा सहा समित्यांवर गेल्या. सातवी समता समिती नवीनच होती. तिच्या तर त्या अध्यक्षा झाल्या.

"अभिनंदन हं बाई! एका दिवसात एवढी समता आजवर कुणाच्या वाट्याला आली नसेल," हेडक्लार्क म्हणाले.

नकाशेबाईंना खरं सांगायचं तर बरं वाटलं. आठवडाभर वाटत राहिलं. मग उंदरांच्या बैठकीतून भंगाराच्या बैठकीत जाता जाता नकाशे टेबलावर तसेच पडून राहू लागले. तरी त्यांनी तक्रार केली नाही, कारण डोळा दुसरीकडे होता. टेकडीवर नवी टाकी बांधायची होती आणि तिथे देखरेखीची जागा निघाली होती. अकरा वर्षं त्यांनी कागदावर नळ टाकले होते. एकदा जमिनीत टाकायचे होते. पदविका होतीच. त्यांनी अर्ज केला.

निवड समिती बसली. साहेबांनी पहिलाच अर्ज उचलला आणि चष्मा काढला.

"हा तुमचाच की! मग तुम्हाला इथे बसता नाही येणार."

नकाशेबाई उठल्या. दारापर्यंत पोचतात तोच हेडक्लार्क ओरडले, "अहो, कुठे निघालात? तुम्ही गेलात तर बैठक रद्द!"

त्या परत बसल्या.

"बसलात तर पक्षपात होतो हो," साहेब कळवळून म्हणाले.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी खुर्चीत बसावं की उभं राहावं, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी समता समितीकडे लेखी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क एक पाकीट घेऊन आले.

"अध्यक्षा म्हणून तुमच्याकडे एक तक्रार आलीय. जरा गंभीर दिसतेय."

"माझीच आहे ती."

"असेल. पण पोच तर द्यावी लागेल ना?"

नकाशेबाईंनी स्वतःला पोच दिली.

टाकीचं काम तर अडून बसलेलं. साहेबांनी शेजारच्या रस्ते कार्यालयात फोन लावला. एका दुपारपुरती एखादी बाई उसनी मिळेल का?

"काय योगायोग!" पलीकडून आवाज आला. "आम्हीच तुमच्या बाईंना मागणार होतो. आमची एकुलती एक आज चार बैठकांत आहे."

मग हेडक्लार्कनी आदेश पुन्हा वाचला. महिला कार्यालयातलीच हवी, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! त्यांचा चेहरा उजळला.

"साहेब, आमची मंडळी आहे ना! पाच मिनिटांचं काम. येईल, सही करेल, जाईल. कटकट नाही."

साहेबही खूश झाले. त्यांच्या मनात भाच्याचा अर्ज होता.

गुरुवारी हेडक्लार्कच्या पत्नी आल्या. नकाशेबाई नियमानुसार बाहेर बाकावर जाऊन बसल्या. आत काय ठरणार, हे त्यांना दिसतच होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बंद दाराआडून कागद उलटल्याचे तेवढे आवाज येत होते.

"वहिनी, इथे खाली सही," साहेबांचा आवाज.

"हो, वाचतेय."

"वाचायचं काही नाही हो त्यात. आमचं ठरलंय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

आत कुणीतरी खोकलं. पुन्हा पानं उलटली.

"या तिघांत पदविका एकाच बाईंकडे आहे. आणि तुमच्याच कागदावर लिहिलंय, पदविका हवी म्हणून. या दुसऱ्या मुलाने तर छंद लिहिलेत, पोहणे."

"टाकीवर उपयोगी पडेल," साहेब क्षीणपणे म्हणाले.

"तो टाकीत पडला तर. मी या बाईंच्या नावापुढे सही करते. चालेल ना? नाहीतर बैठक रद्द का काय ते करा."

कागदावर पेन खरखरलं. मग दार उघडलं. पुढे पत्नी आणि मागे घाम पुसत हेडक्लार्क.

"अगं, तुला नुसती सही करायला आणलं होतं!"

"अहो, तेवीस वर्षं घरी तेच करतेय. इथे तरी वाचू द्या."

नकाशेबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि त्यांनी शेजारी जागा करून दिली.