वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

एका वस्तूचं भोक दुसऱ्या वस्तूच्या खिळ्याला बसू नये, अशी व्यवस्था या जगात कुणीतरी मुद्दाम करून ठेवली आहे. तो कोण ते माहीत नाही, पण आहे. थंडगार खोलीत बसून दर वर्षी एक खाच इकडची तिकडे सरकवत असेल आणि वर चहा पीत असेल. बटणाचं बघा. बटण कुणीही बनवो, धागा कुणाचाही असो, सुई भोकातून जाते आणि बटण शर्टाला बसतं. एवढी साधी माणुसकी ज्याला जमली नाही, त्याने कॉम्प्युटरचे भाग बनवायला घेतले.

हे सगळं टेलर मास्तर शनिवारी पहाटे कटिंगच्या टेबलावर कपाळ टेकून बोलत होते. ऐकायला समोर फक्त इस्त्री होती, आणि तीही बंद.

सुरुवात मंगळवारी झाली होती, चांगल्या हेतूने. (मास्तरांची सगळी संकटं चांगल्या हेतूनेच सुरू होतात. वाईट हेतूने काही करायला त्यांना वेळ मिळालेला नाही.) त्यांची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या पाच मुलींच्या टीममध्ये ती वर्षभर राखीव खेळाडू होती. म्हणजे कुणाला ताप आला तर हिचा नंबर, आणि त्या पाचही जणींच्या तब्येती ठणठणीत. आता त्यातली एक टीम सोडून गेली होती. रिकाम्या जागेसाठी रविवारी चार वाजता निवडीचा सामना होता, जिने तिने आपापल्या घरून, आपापल्या मशीनवर खेळायचा. घरी मशीन नसेल तर जागा दुसरीला. इतके दिवस ती मैत्रिणीच्या मशीनवर सराव करत होती, पण रविवारी ती मैत्रीणही त्याच जागेसाठी खेळणार होती.

दोन वर्षं काज-बटणं करून मुलीने पैसे साठवले होते. फक्त तिची परीक्षा शुक्रवारपर्यंत चालणार होती.

"सामान मी आणतो," मास्तर म्हणाले. "तू अभ्यास कर."

महागाचं कापड नवख्या टेलरच्या हातात देताना गिऱ्हाईक जसं बघतं, तसं मुलीने त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, यादी देते. यादीत आहे तेच आणायचं. नंबरसकट."

"अगं, मी काय पहिल्यांदा बाजारात चाललोय?"

"कॉम्प्युटरच्या बाजारात? हो."

पडद्यावर कोण कुणाला का मारतं, हे मास्तरांना कधीच कळलं नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं होतं, "यातली तू कुठली?" तर ती म्हणाली, "बाबा, मी दिसत नाही, माझी बंदूक दिसते." त्यानंतर दोघांचं त्या विषयावरचं बोलणं संपलं. निदान सामान तरी आपण आणावं, म्हणजे रविवारी तिच्यामागे उभं राहायचा थोडाफार हक्क मिळेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

यादीत सहा ओळी होत्या. पण मास्तरांचा तीस वर्षांचा नियम असा, की गिऱ्हाईकाने तोंडी सांगितलेलं माप घ्यायचं नाही. माणसं कंबर सांगतात ती लग्नाच्या दिवशीची. आणि पोरासोरांचे कपडे असतील तर दोन बोटं वाढवूनच कापायचे. वाढतं अंग! आज बसतं ते सहा महिन्यांत आखूड होतं आणि मग आयाबाया दुकानात येऊन भांडतात.

तेव्हा मास्तरांनी यादी वाचली आणि प्रत्येक गोष्ट एक माप वाढवून मागितली. प्रोसेसर होता त्याच्या पुढच्या पिढीचा घेतला. मेमरी चार नंबरची लिहिली होती, पाच नंबरची घेतली. ग्राफिक्स कार्ड तर चांगलं हातभर लांब, तीन पंख्यांचं घेतलं. पोरीला जन्मात आखूड पडायला नको.

यादी पाळली ती फक्त दोन ठिकाणी. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय. मास्तरांच्या हिशेबी बोर्ड म्हणजे अस्तर आणि सप्लाय म्हणजे नाडा. कपड्याच्या आतल्या गोष्टी, त्या कोण बघतंय?

"बोर्डाला चालेल ना हे?" दुकानदाराने विचारलं होतं.

"अस्तराचं आम्ही बघून घेऊ," मास्तर म्हणाले. त्यावर दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही. त्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाची उत्सुकता संपलेली असते.

राहिली हे सगळं आत बसवायची पेटी. दुकान घरातच, तेव्हा तिच्याबद्दल बायकोने बजावलं होतं. "अहो, ओव्हरलॉकच्या मशीनला चिकटून भिंतीपर्यंत जेवढी जागा आहे, तेवढ्यातच मावलं पाहिजे. मला पाय हलवायला जागा लागते." मास्तरांनी ती जागा टेपने मोजली आणि अगदी अंगाबरोबर बसणारी पेटी आणली. ढगळ काही त्यांना आवडतच नाही.

गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी एकेका खोक्याचं सील तोडलं आणि प्रत्येक वस्तू टेप लावून मोजली. मापं वहीत लिहिली. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. (आठवड्यातली शेवटची.)

शुक्रवारी शेवटचा पेपर देऊन मुलगी घरी आली. चप्पलसुद्धा न काढता टेबलासमोर उभी राहिली. एक खोकं उचललं, दुसरं उचललं.

"बाबा, हा प्रोसेसर या बोर्डावर बसत नाही."

"थोडा दाबून बघ."

"दाबायचं नसतं बाबा! खालची रचनाच वेगळी आहे. आणि ही मेमरी. हिची खाच बघा कुठे आहे, आणि बोर्डावरची कुठे आहे."

"एक सूत इकडेतिकडे असेल."

"एक सूतच आहे. पण ते धातूचं आहे." मग तिने ग्राफिक्स कार्ड पेटीत घालून बघितलं. ते चार बोटं बाहेर राहिलं. "बाबा, यादी दिली होती ना मी?"

"अगं, यादीपेक्षा चांगलंच आणलंय! सगळं एक माप वाढवून."

"आणि पेटी?"

"ती तुझ्या आईच्या मापाची."

मुलगी ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती खाली बसली आणि चपलांचे पट्टे सोडायला लागली. एक पट्टा सोडला, परत लावला, परत सोडला. बायकोने ओव्हरलॉकचं मशीन थांबवलं. तीस वर्षांत भर सीझनमध्ये ते मशीन पहिल्यांदा थांबलं होतं.

शनिवारी कॉम्प्युटरचं दुकान उघडायच्या आत मास्तर खोकी घेऊन दाराशी हजर.

"सील तोडलंय," दुकानदार म्हणाला. "सील तुटलं की परत नाही."

'कापलेलं कापड परत घेतलं जाणार नाही' ही पाटी मास्तरांच्याच दुकानात, त्यांच्याच अक्षरात लावलेली होती. भांडायचं कुठल्या तोंडाने?

"मग यावर उपाय?"

"नवा बोर्ड. या प्रोसेसरला आणि या मेमरीला चालणारा. सप्लायसुद्धा मोठा लागेल, पण तो आत्ता शिल्लक नाही. सोमवारी येईल."

"सामना उद्या आहे हो!"

दुकानदाराने मास्तरांच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. "तुम्ही टेलर का? माझ्या भाच्याच्या लग्नाला मला सूट हवाय, गुरुवारपर्यंत. शिलाईच्या बदल्यात बोर्ड घेऊन जा. फक्त एक अट आहे मास्तर. मी सांगेन तेच माप. एक सूत जास्त नाही."

मास्तरांनी मान खाली घालून त्याचं पोट मोजलं. पोटाने वेगळाच आकडा सांगितला, तरी दुकानदाराने सांगितला तोच लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, मेमरी टक्क आवाज करून बसली. कार्ड मात्र चार बोटं बाहेरच.

"पेटी बदलायची?" मास्तरांनी भीतभीत विचारलं.

"सील?"

"तोडलंय."

मुलीने एक मोठा श्वास सोडला आणि टेबलावरचा खडू उचलला. पेटीच्या पुढच्या जाळीवर रेघ मारली. मास्तरांनी पत्रा कापायची कात्री आणली. ती पेटी धरून होती, ते कापत होते.

"बाबा, रेघेवरूनच."

"हो गं."

"मार्जिन नको."

"नाही ठेवत."

त्यांनी नाही ठेवलं. कार्ड भोकातून बाहेर आलं आणि बिळातून डोकावणाऱ्या घुशीसारखं दिसायला लागलं. मास्तरांनी धूळ बसू नये म्हणून त्याला काळ्या जाळीदार कापडाची टोपी शिवली, पायपिंगसकट. ती बघून मुलगी हसली. थोडीच, पण मास्तरांनी ते माप मनात नोंदवलं.

रविवारी साडेतीन वाजता मशीन सुरू झालं. पंखे घुमले, गेम उघडला. मुलीने पहिली गोळी झाडली आणि सगळं बंद. काळा पडदा. परत चालू केलं, गोळी झाडली, परत बंद.

"काय झालं?"

"एवढ्या मोठ्या कार्डाला हा सप्लाय पुरत नाही बाबा."

"म्हणजे नाडा कमी पडतोय?"

"नाडा कमी पडतोय!"

पावणेचार. मुलीने सेटिंग उघडून एकेक गोष्ट कमी करायला सुरुवात केली. सावल्या बंद केल्या. पाणी बंद. गवत बंद.

"गवत कशाला? बिचारं काय करतंय?"

"बाबा, प्लीज!"

चारला पाच मिनिटं कमी असताना तिने गोळी झाडली आणि पडदा काळा झाला नाही. पण त्यावर काय दिसत होतं! झाडं म्हणजे हिरवे ठोकळे, डोंगर म्हणजे घडी मोडलेलं कागदी माप. माणसं काडेपेट्या जोडून केल्यासारखी, त्यांना नाकडोळेसुद्धा नव्हते. कार्डाचे तीन पंखे त्या ठोकळ्यांना वारा घालत होते.

नेमके त्याच वेळी वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. मास्तरांनी त्यांच्या अंगात एक बाही चढवली, दुसरी हातात धरली आणि तसेच मुलीच्या मागे जाऊन उभे राहिले. वकीलसाहेबही एका बाहीने मागोमाग आले. बायको दारात, इस्त्रीचा प्लग मुठीत धरून, कुणी चुकून लावून फ्यूज उडवू नये म्हणून.

सामना वीस मिनिटं चालला. मुलीची बोटं चालत होती ती मास्तरांनी पहिल्यांदाच नीट बघितली. काज करताना चालायची तशीच, न बघता, बरोबर जागी. एक ठोकळा पडला, दुसरा पडला, तिसरा डोंगरामागून आला तोही पडला. मग स्पीकरमधून टीमच्या कॅप्टनचा आवाज आला, "ए, पुढच्या शनिवारपासून सरावाला ये. तू टीममध्ये आहेस."

मुलगी खुर्चीतून उठली ती थेट मास्तरांच्या गळ्यातच पडली. हातातल्या बाहीच्या टाचण्या दोघांनाही टोचल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, (टाचण्यांचंही असेल,) आणि चार दिवसांचा सगळा शीण त्यांच्या पाठीवरून खाली उतरला.

बाही नसलेला हात मास्तरांच्या खांद्यावर ठेवून वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार आहे हो. आता या जुन्या डब्यावर दिवस काढू नका, तिला एखादा नवा कॉम्प्युटर घेऊन द्या."