चौथ्या सशाचं आधीचं रक्त

मगदूम सरांना 'आता बरं वाटतंय' असं सांगायची सोय नव्हती. "आधी मोजलं होतं का?" ते विचारत. कुठल्याशा तेलानं टकलावर केस आल्याचं आमच्या विभागप्रमुखांनी जाहीर केलं, तेव्हा सरांनी शांतपणे त्यांचा जुना फोटो मागितला. सांगलीत त्यांना जेवणाची आमंत्रणं कमी येत, त्याचं कारण हेच असावं.

नव्वदच्या दशकात ते आणि मी कॉलेजच्या मागच्या खोलीत एचआयव्हीच्या लशीवर काम करत होतो. एवढं सांगितलं की लोक खुर्ची मागे सरकवत. पण त्या खोलीत विषाणू नव्हताच. त्याच्या कवचातल्या प्रथिनाचा एक बारीक तुकडा, म्हणजे पेप्टाइड, बाहेरून तयार होऊन यायचा. चोराचा नुसता कान दाखवून शिपायाला 'ओळखून ठेव' म्हणावं, तसा तो आम्ही सशांना टोचत होतो. त्या कानाविरुद्ध सशाचं शरीर अँटिबॉडी बनवतं का, ते रक्तात शोधायचं.

ससे चार. तिघे ढिम्म. चौथ्याचं रक्त तपासलं, तर थेंब हळदीसारखा पिवळा झाला. म्हणजे अँटिबॉडी होती.

सर हसले नाहीत. "याचं टोचण्याआधीचं रक्त आणा," म्हणाले.

ते नव्हतं. ते काढायचं काम माझं. त्या दिवशी मला कराडला साखरपुड्याला जायची घाई होती. तिघांचं काढलं, चौथा हाती लागेना. आल्यावर बघू म्हणून मी वहीत चौघांपुढे खूण करून टाकली आणि सरांनी वहीवर विश्वास ठेवून दुपारी सुया टोचल्या. आता तो पिवळा रंग लशीनं आणलेला की सशाचा मूळचाच, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं.

काम पुढे चालवायचं की बंद करायचं, हे ठरवणारे पाहुणे चार दिवसांनी येणार होते. प्रमुखांनी शाली, नारळ आणि कमान मागवून ठेवली होती. त्यांनी सरांना बोलावून उपाय सुचवला: तिसऱ्याचं आधीचं रक्त चौथ्याच्या नावानं दाखवायचं. ससे काय, सगळे सारखेच.

"मग चौघांना टोचलं कशाला?" सर म्हणाले.

पाहुणे आले. हार गळ्यात ठेवूनच त्यांनी चौथ्याचा तक्ता पाहिला आणि माना डोलावल्या. ती वही माझ्या हातात होती. एका पाहुण्यानं वहीसाठी हात पुढे केला, तेवढ्यात सर उभे राहिले.

"याचं आधीचं रक्त काढायचं राहिलं. माझ्याकडून."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. शाली ठरल्याप्रमाणे देऊन झाल्या, आणि महिन्याभरात काम बंद करण्याचं पत्र आलं.

पत्रानंतरच्या रविवारी सरांनी मला लोणंदला नेलं. कशाला, ते गाडीत सांगितलं नाही. तिथं त्यांची थोरली बहीण राहत होती, आक्का. दाजी एड्सनंच गेलेले, आणि तो आक्कालाही झालेला. शेजारणी तिच्याशी अंगणातूनच बोलत होत्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच आक्कानं विचारलं, "चवथा काय म्हंतोय?"

सरांनी स्वतःच्या पायांकडे बघत सगळं सांगितलं. इथंही त्यांनी चूक स्वतःचीच सांगितली.

मला बसवेना. मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्तानं आत गेलो आणि आक्काला म्हणालो, चूक माझी होती. तुमची लस माझ्यामुळं गेली.

"माझी कुठली?" ती स्टोव्हला पंप मारत म्हणाली. "रोग झालेल्याला ती लागू न्हाई, ह्ये त्यानं पयल्याच दिवशी सांगितलंय. ल्हानपणापास्नं लय खरं बोलतोय त्यो." मग हात थांबला. "पर सशाचं बोलताना तेवढं त्याला माझ्या तोंडाकडं बघाया येतं, गुरुजी. आता कशावर बोलंल?"

आम्ही बाहेर आलो. सर अजून खालीच बघत होते. आक्कानं चहा पुढे ठेवला.

"चवथा घरी आणलाय मी," सर म्हणाले.

आक्का त्यांच्यासमोर बसली. "खातोय का काय?"

"मेथी खातोय. कोथमिरीला तोंड लावत न्हाई," सर म्हणाले, आणि त्यांनी मान वर केली.