कुमुदताईंचे एकोणीस मणी

कुमुदताई विसपुते बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कानाकडे बघत. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "डावं भोक ओघळलंय. एवढे जड झुबे कुणी घालायला लावले? आईनं की सासूनं?" माझं लग्न व्हायचं होतं.

पंचवटीत आमच्या शेजारी दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. सोनारकाम वडिलांकडून शिकलेल्या. लग्नसराईत दागिने घडवायच्या, पावसाळ्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या आणि थंडीत कळवणकडे उत्खननावर जायच्या. तिथं निघालेली खापरं, मणी मोजूनमापून कागदावर उतरवायला. जनगणनेच्या माणसानं व्यवसाय विचारला, तर म्हणाल्या, "कुठल्या महिन्यातला?"

"ढोबळ नको" हे त्यांचं पालुपद. आईनं एकदा आमटीत सुपारीएवढा गूळ घालायला सांगितला. ताईंनी विचारलं, "चिकणी सुपारी की रोठा?"

सत्त्याण्णव साली मी बी.ए. होऊन घरी बसले होते. दोन मुलाखतींत नकार आला आणि मी कुणाशी बोलेनाशीच झाले. एके दिवशी ताई आल्या. "हिचं अक्षर बरंय. उत्खननावर वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायला नेते," असं आईला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

तिथं एका जुन्या घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं आणि गळ्यापाशी लाल मणी. उत्खननाचे साहेब म्हणाले, "बाई, मणी पिशवीत घाला. चित्र उद्या काढा."

"दोरा कुजलाय, पण क्रम तसाच आहे. विस्कटला तर परत लागायचा नाही."

"अहो, तीन हजार वर्षं झाली त्याला!"

"मग अजून दोन दिवस थांबेल की."

दोन दिवस त्या खड्ड्याच्या काठावर पालथ्या पडून एकेक मणी कागदावर काढत होत्या. एकोणीस मणी. त्यातला एक त्यांनी मला काढायला दिला. माझी रेघ सातदा खोडली. आठव्यांदा म्हणाल्या, "असू दे." त्या दोन शब्दांवर मी आज चित्रकार म्हणून जगते आहे.

मग त्यांनी मणी त्याच क्रमानं ओवले. खोदकामावरच्या हिराबाई माळ बघून म्हणाल्या, "आईनंच ववली आसंल, नाय का ताई?"

"हो. मोठा मणी मागून घासून गुळगुळीत केलाय. लेकराला टोचू नये म्हणून," ताई म्हणाल्या आणि उठून लांब बांधावर जाऊन बसल्या.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला ताई स्वतः घडवलेले चांदीचे वाळे घेऊन आल्या. मुलगी या हातातून त्या हातात फिरत होती. ताई भिंतीला टेकून उभ्या. त्यांच्याकडे कुणीच देईना.

"ताई, घ्या ना."

"मला येत नाही गं. मान धरावी लागते ना?" मग हळूच म्हणाल्या, "कुणी कधी दिलंच नाही."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मुलगी मांडीवर दिली. जेवायला तीनदा बोलावणं आलं. "तुम्ही बसा, मला भूक नाही," म्हणत राहिल्या. पंगती उठल्या, भांडी घासून झाली. मुलगी गाढ झोपली होती. ताईंच्या हाताला मुंग्या आल्या असणार, पण त्यांनी तो हलवला नाही.

मीही मुलगी परत मागितली नाही.