बाळाचा हिस्सा

उतेकर अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी खोली पावलांनी मोजतात, मग बसतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून म्हणाले, "मास्तर, घर बांधणाऱ्यानं तुम्हाला वीतभर फसवलंय." तेव्हापासून ती भिंत मला उगाच जवळ आल्यासारखी वाटते.

सरकारी मोजणीदार म्हणून जमिनी मोजण्यात हयात गेलेला माणूस. महाड-पोलादपूरच्या कितीतरी बांधांवर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात. "आधी हद्द कायम करा" हे त्यांचं पालुपद. लग्न जुळवायचं असो की पंगत बसवायची असो, सुरुवात तिथूनच. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं, आणि महाडात कॉम्प्युटरचा क्लास माझा. भोगतोय.

जहाजावर नोकरी करणाऱ्या भाच्यानं त्यांना जपानहून तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर आणून दिला. आत यंत्र चालवणारी लिनक्स नावाची प्रणाली होती, पण अक्षरं सगळी जपानी. अण्णांना त्यात कुडपण या आपल्या गावच्या घरच्या जमिनीचे नकाशे ठेवायचे होते. उपाय एकच: मेमरी कार्डावर इंग्रजीतलं लिनक्स घालायचं आणि यंत्र त्या कार्डावरून सुरू करायचं. त्यासाठी कार्डाचे हिस्से पाडावे लागतात, एवढं मी बोलून गेलो.

"हिस्से? त्ये माझ्याकडं द्या."

दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदावर कार्डाचा नकाशा काढून अण्णा हजर. माझ्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी स्वतः हिस्से पाडले. मध्ये थोडी थोडी जागा मोकळी सोडली. कशाला, असं विचारलं तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "बांध नको?"

कार्ड यंत्रात घातलं. पडद्याच्या कोपऱ्यात लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन आला, इंग्रजी ओळी भराभर पळाल्या आणि सगळं थिजलं. तीन दिवस हेच. मी कार्ड बदललं, अण्णांनी त्याचेही तसेच हिस्से पाडून फाइली पुन्हा भरल्या; मी चिडलो, चहा टाकून दिला. अण्णा आपले शांत.

चौथ्या दुपारी मी एकेक हिस्सा उघडून पाहिला. यंत्र सुरू होतं पहिल्या हिश्शातून आणि लिनक्स शोधतं दुसऱ्यात. अण्णांनी ते घातलं होतं तिसऱ्यात! दुसरा कोरा करकरीत.

"अण्णा, हा मधला काढून टाकू. रिकामाच आहे."

"रिकामा नाय, गैरहजर हाय," अण्णा म्हणाले. "त्यो बाळाचा."

बाळा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मुंबईला असतो. बारा वर्षांपूर्वी त्यानं कुडपणच्या जमिनीची वाटणी मागितली. साऱ्या तालुक्याला हिस्से पाडून देणाऱ्या अण्णांनी घरची जमीन मोजायला मात्र साफ नकार दिला. बाळा जेवत्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. हे मला त्या दुपारी कळलं.

"पण मग त्याला दुसरा नंबर का?"

"वाटे थोरल्यानं पाडायचे, पहिली उचल धाकट्याची. पहिला हिस्सा म्हंजे यंत्राचं दार, दाराजवळचा त्याचा. आमच्यात असंच हाय." अण्णांनी कार्ड मुठीत घट्ट धरलं. "यंत्र नाय चाललं तरी चालंल, मास्तर. ह्यो काढायचा नाय."

तीन दिवस या माणसावर मनातल्या मनात ओरडत होतो, त्याची लाज वाटली. कार्ड मागून घेतलं आणि सुरुवातीच्या फाइलीतली एक ओळ बदलली: लिनक्स दुसऱ्यात नको, तिसऱ्यात शोध. पेंग्विन आला, ओळी पळाल्या आणि या वेळी थांबल्या नाहीत. पडदा उजळला. अक्षरं इंग्रजी होती.

अण्णांनी पडद्यावरून बोट फिरवलं. "हिस्से पडले तरी चालतं म्हणायचं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी मला मुंबईचा एक नंबर तोंडपाठ सांगितला. मी फोन लावून दिला आणि बाहेर जायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. एकट्यानं बोलायचा त्यांना धीर नव्हता.

"बाळा, मी दादा बोलतोय."

अण्णांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"जमीन मोजू रे. तू म्हणशील तशी मोजू. पण मोजणीची साखळी धराया दोन माणसं लागतात. एका टोकाला तू ये. माझ्याकडं दुसरं कुणी नाय."