समजा, आग लागली

गायधनेकाका कुणाकडे जेवायला गेले, की पाटावर बसायच्या आधी त्या घराचं मागचं दार कुठं उघडतं ते बघून येत. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन नमस्काराला वाकलेली, आणि हा माणूस आशीर्वाद द्यायचा सोडून थेट स्वयंपाकघरात! तिथून मोरीत, मोरीतून परसात. परत आले ते सासूबाईंवरच घसरले.

"वहिनी, मागच्या दारापुढं लोणच्याची बरणी ठेवली तुम्ही. समजा, आग लागली. मंग? सूनबाई बरणीले अडकून पडन ना!"

एवढं झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा."

मी नरखेडकडची. आमचं घर संत्र्याच्या बागेत, चारी बाजूंनी मोकळं. पळायचंच झालं तर कुठूनही पळा. लग्नाला आठवडा झाला नाही तोच मी कशी अडकून पडेन ते सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. काय बाई हा माणूस, असं मनात म्हटलं आणि बरणी मात्र उचलून ठेवली.

नागपुरात लकडगंजकडे आमची गल्ली. गल्लीच्या टोकाला काकांचं घर, त्याला लागून आमचं, आणि दोन्हींच्या मागच्या भिंतीपलीकडे लाकडांचा टाल, म्हणजे वखार. काका कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होते, पण ही ओळख ते स्वतः कधी सांगत नसत. बांगलादेशची लढाई होणार असं दिसायला लागलं तेव्हा ते नागरी संरक्षणाचं शिक्षण घेऊन आले आणि आमच्या गल्लीचे वॉर्डन झाले. गळ्यात शिट्टी आली, डोक्यावर लोखंडी टोप आला. तो टोप नागपूरच्या उन्हात असा तापे, की काका आतून ओला पंचा ठेवत आणि भाषण करताना त्यांच्या कानांवरून पाणी गळत असे.

खिडक्यांना काळे कागद लावा, दारात वाळूच्या बादल्या ठेवा, असा हुकूम सुटला. आमचे हे म्हणाले, "काका, पाकिस्तानचं विमान नागपूरपर्यंत येईतोवर त्याचं पेट्रोल संपून जाईन."

काका जराही डगमगले नाहीत. "संपलं ना पेट्रोल? मंग ते पडन कुठं? इथंच ना गा!"

त्या रात्री ह्यांनी मुकाट्यानं काळे कागद लावले.

लढाई लवकरच संपली. गल्लीनं कागद काढले, वाळूच्या बादल्यांत कुणी तुळस लावली, कुणी कोथिंबीर. काकांनी मात्र शिट्टी काढली नाही. "लढाई संपली, आफत थोडीच संपली?" असं म्हणून ते पुन्हा आपल्या आगीवर आले, आगीवरून पुरावर, पुरावरून भूकंपावर. समजा, भिंत पडली. समजा, विजेची तार तुटली. बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला, जिथं जातील तिथं त्यांचं 'समजा' त्यांच्या आधी घरात शिरे. सोनाराच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडवाची एक कनात सोडवून ठेवली होती, वऱ्हाडाला पळता यावं म्हणून. वऱ्हाड पळालं नाही, पण त्या वाटेनं दोन गाई आत आल्या आणि बुंदीच्या परातीपर्यंत पोचल्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रॅक्टिस. आम्ही सगळ्यांनी गल्लीत रांगेत उभं राहायचं आणि काका प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीला बांधलेला पुठ्ठा घालायचे. त्यावर ज्याची त्याची जखम लिहिलेली. माझा डावा पाय कायमचा मोडलेला. सासूबाई कायमच्या बेशुद्ध. एकदा त्या चिडल्या.

"गायधनेभाऊ, दर खेपेले मलेच बेशुद्ध काहून करता तुम्ही?"

"शुद्धीत असल्या का तुम्ही बोलता, वहिनी. बाकीच्या जखमी लोकाइले ऐकू येत नाही मंग काही."

सासूबाई त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काका म्हणाले, आता कशा खऱ्या बेशुद्ध वाटतात.

नियम एकच होता. शिट्टी झाली की आधी आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याचं दार वाजवायचं, त्याला बाहेर काढायचं, मग आपण पळायचं. आमच्या उजव्या हाताला काकांचंच घर. म्हणजे तिथं जाणं माझ्याकडे. पण तिथं दार वाजवून उपयोग नव्हता, कारण गायधनेकाकूंना ऐकू येत नसे. ऐन तारुण्यात टायफॉइडनं त्यांचे कान गेले होते. गल्लीभर ओरडणारा हा माणूस बायकोशी बोलताना मात्र आवाजच काढत नसे. नुसते ओठ हलवायचा, सावकाश, आणि काकू त्यावरून सगळं ओळखायच्या. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

वॉर्डननं शिट्टी झाल्यावर चौकात उभं राहायचं, बंबाला रस्ता मोकळा करायचा. आणि जिला शिट्टी ऐकू येत नाही ती बाई त्यांच्याच घरात. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर काका एक अक्षर बोलत नसत. एवढं मात्र होतं, की जगातल्या सगळ्या आफतींना भिणाऱ्या ह्या माणसानं आपल्या दाराला आतून कडीच ठेवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "समजा, कडी गंजली." चोर आला तर, असं विचारल्यावर त्यांनी विषयच बदलला.

प्रॅक्टिसमध्ये काकूंना कधी जखम नसे. त्यांनी फक्त सगळ्यांना चहा द्यायचा. "वशिला आहे बुवा वॉर्डनचा!" असं आम्ही चिडवायचो. काकू हसायच्या, पण पुठ्ठ्यांकडे बघत राहायच्या.

आणि मग एका मे महिन्यात खरंच आग लागली.

दुपारची वेळ, कूलरांची घरघर, गल्ली जेवून आडवी झालेली. काका चौकातल्या पानठेल्यावर गेले होते. शिट्टी ऐकू आली तेव्हा सासूबाई कूस बदलून म्हणाल्या, "ह्या माणसाले काही कामधंदा हाये का नाही वं? आज काही शेवटचा रविवार नाही." मग धुराचा वास आला. परसात जाऊन बघते तर टालातून जाळ वर निघालेला, आणि तो काकूंच्या भिंतीच्या बाजूला सरकत होता.

मी बाहेर आले. चौकात लाकडं भरलेल्या बंड्या आडव्या उभ्या होत्या. बैल बिथरलेले, गाडीवान पळालेले. काका एकटे बैलांची वेसण धरून बंड्या बाजूला ओढत होते, कारण त्या हलल्या नसत्या तर बंब आत आलाच नसता. तोंडात शिट्टी, आणि तोंड आमच्या टोकाकडे. एक बंडी ओढायची, वळून आपल्या घराकडे बघायचं, जीव खाऊन शिट्टी फुंकायची, की पुन्हा दुसरी बंडी. त्यांचा तो चेहरा मला आजही विसरता येत नाही.

मोडक्या पायाची मी अशी धावले, की शाळेतसुद्धा कधी धावले नसेन. कडी नसलेलं दार ढकललं आणि आत गेले तर माझ्या आधीच तिथं सोनारीण उभी! माझ्यामागून सासूबाई, त्यांच्यामागून शिंपी, त्याच्यामागून समोरचे पेन्शनर मास्तर धोतर सावरत. डोकं फुटलेले, हात भाजलेले, बेशुद्ध, सगळी गल्ली काकूंच्या स्वयंपाकघरात. आम्ही सोडलो तर नियमाप्रमाणे आपल्या उजवीकडच्या घरी एकही जण गेला नव्हता.

काकू चिंच निवडत बसल्या होत्या. एवढे पाहुणे एकदम बघून त्या गडबडून उठल्या आणि त्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "या, या, बसा. चहा ठेवतो."

भिंतीपलीकडे लाकडं तडतडतायत आणि ही बाई स्टोव्हला पंप मारतेय! सासूबाईंनी तिच्या हातातली काडेपेटी हिसकावली, तिला कवेत घेतलं आणि फरफटत गल्लीत आणलं. बंब आला. काकूंची मागची भिंत काळी झाली, पत्रे गेले. माणूस एकही दगावलं नाही.

सगळं शांत झाल्यावर काका आले. टोप कुठंतरी पडला होता, तळहात सोलून निघाले होते. काकू सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर बसलेल्या दिसल्या. काकांनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि आमच्यावर तुटून पडले.

"सगळेच्या सगळे एकाच घरात घुसले! हे शिकवलं मी तुम्हाले? समजा, छत पडलं असतं! समजा..."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलायला लागले तेव्हा सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "गप बसा आता, गायधनेभाऊ. इतके वर्षं तुम्ही आम्हाले मारत आले, आम्ही काही बोललो का?" मला हसू आलं आणि रडूही आलं.

काकूंनी हातानंच विचारलं, काय झालं? काका वळले, तोंड पुसलं आणि ओठ हलवले, "प्रॅक्टिस."

आग काकूंनी डोळ्यांनी बघितली होती, तरी त्या भडकल्या. "प्रॅक्टिस होती, मंग मले काहून काही झालं नाही? सगळ्याइले काही ना काही होते, मलेच का चहाचं काम?"

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुठ्ठे वाटायच्या वेळी काकू रांगेत येऊन उभ्या राहिल्या, थेट मान पुढं करून. काकांनी एक पुठ्ठा काढला, तो ठेवला, दुसरा काढला. मी जवळच होते. म्हटलं, "द्या ना काका काहीतरी बारीकसं. बोटाला चटका म्हणा. खोटं खोटं तर आहे."

काका माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "साऱ्या दुनियेले म्हणतो वं मी समजा. हिच्यासाठी जीभ वळत नाही माही."

मग त्यांनी खिशातून कोरा पुठ्ठा काढला, पेन्सिल ओली करून त्यावर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि काकूंच्या गळ्यात घातला. काकूंनी मान वाकवून वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'सुखरूप'.

काकू लाजल्या. तो पुठ्ठा गळ्यात तसाच ठेवून त्यांनी आम्हा मोडक्या-भाजक्यांना चहा दिला, आणि संध्याकाळी भाजी आणायलासुद्धा त्या तो घालूनच गेल्या.