आंतरविद्याशाखीय काटा

आमच्या महाविद्यालयाने ब्राझीलमधल्या एका विद्यापीठाशी शैक्षणिक करार केला, त्या दिवशी महादेवरावांचा बैल मागच्या डाव्या पायाने लंगडत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो आम्ही प्रस्थापित केला. संशोधन म्हणतात ते यालाच.

आमचे महाविद्यालय आर्वी तालुक्यात, हमरस्त्याच्या कडेला आहे. मागच्या कुंपणाला लागून महादेवरावांचे कपाशीचे वावर. मी मराठी विभागाचा प्रमुख आणि शिवाय संशोधन समितीचा समन्वयक. ही दुसरी जबाबदारी ज्या बैठकीत वाटली गेली त्या बैठकीला मी गैरहजर होतो, म्हणून ती एकमताने माझ्याकडे आली.

ब्राझीलच्या त्या विद्यापीठाची माहिती आम्ही संगणकाच्या पडद्यावर वाचली आणि अक्षरशः दडपून गेलो. तिथे मुंग्यांवर संशोधन चालते, दातांच्या कवळीवर चालते, उसाच्या रसावर, नदीतल्या माशांच्या ऐकू येण्यावर, मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांवर आणि चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांच्या पत्रांवरही चालते. एकही विषय त्या लोकांनी मोकळा सोडलेला नाही. आमच्याकडे तेव्हा एकच संशोधन चालू होते. ग्रंथालयातला पंखा दुपारी कोण बंद करतो, हा त्याचा विषय होता आणि तेही अनिर्णित होते.

करारापूर्वीच्या ऑनलाइन बैठकीत तिकडच्या कुलगुरूबाईंनी दुभाष्यामार्फत विचारले, "आपल्या संशोधनाची व्याप्ती किती?"

प्राचार्य धनंजय ढोले यांनी उत्तरासाठी खिडकीबाहेर पाहिले. बाहेरून महादेवरावांचा पांढराशुभ्र बैल बगळ्या लंगडत चालला होता.

"तुमच्याकडे विभाग अनेक आणि विषयही अनेक," प्राचार्य सावकाश म्हणाले. "आमच्याकडे सगळ्या विभागांचा मिळून विषय एकच. बैलाचे लंगडणे."

दुभाष्याने ते पडद्यापलीकडे पोचवले. मग टाळ्या वाजल्या. कुलगुरूबाई म्हणाल्या, व्याप्ती आमच्याकडेही आहे, पण अशी एकजूट आमच्या लोकांना या जन्मी जमायची नाही. करार तिथेच झाला. प्राचार्यांनी घाम पुसला आणि सर्व विभागप्रमुखांना सकाळी गोठ्यात हजर राहण्याचे परिपत्रक काढले.

महादेवराव सरळ माणूस. एवढी मंडळी आलेली पाहून त्यांनी अंगणात खाट टाकली आणि चहा सांगितला. प्राणिशास्त्राच्या निशांत सरांनी बगळ्याचा पाय उचलायला लावला. खुराच्या फटीत काटा होता, चांगला बोटभर. तो मला दिसला, प्राचार्यांना दिसला, चष्मा घरी विसरून आलेल्या अर्थशास्त्राच्या सरांनाही दिसला.

"काटाच त हाये जी," महादेवराव हसत म्हणाले. "काल मले दिसला नाई. थांबा, चिमटा आनतो. दोन मिन्टाचं काम."

"खबरदार!" प्राचार्य ओरडले. चहाचे कप घेऊन आलेल्या विमलाबाई दारातच थबकल्या. प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "महादेवराव, हा काटा आता तुमचा एकट्याचा राहिलेला नाही. यात ब्राझील गुंतले आहे."

"मंग ब्राझीलवाल्याइनं काढावा," विमलाबाई म्हणाल्या. "आठ दिवसावर डवरनी आली. तुमच्या कालेजचं काय जाते? बैल आमचा हाये."

मुद्दा बिनतोड होता. बैलजोडी जुंपून कपाशीच्या ओळींमधले तण काढले नाही तर पीक तणात दबते, एवढे मराठीच्या प्राध्यापकालाही ठाऊक असते. पण प्राचार्यांनी महादेवरावांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि 'आंतरराष्ट्रीय संशोधन भागीदार' असे त्यांना संबोधले. छायाचित्र दोन दिवसांनी पेपरात आले. महादेवरावांनी ते कात्रण खिशात ठेवले आणि पुलगावच्या व्याह्यांना दाखवायला मुद्दाम जाऊन आले. शिवाय त्यांची मुलगी काजल आमच्याकडे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि अंतर्गत गुण आमच्या हातात होते. ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, कारण ती सर्वांना माहीत होती.

काजल मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली.

"सर, त्याचा पाय दुखून राह्यला. काऊन नाई काढत तुमी काटा?"

"काजल," मी म्हणालो, "संशोधकाने विषयात ढवळाढवळ करू नये, हे पहिल्या वर्षाला शिकवले नाही का?"

"विषय नाई सर तो. बैल हाये."

भावनेच्या आहारी गेले की मुलींची प्रगती खुंटते. तरीही पोरीच्या समाधानासाठी मी प्रश्न नीतिमत्ता समितीपुढे ठेवला. समितीने दोन बैठका घेऊन निर्णय दिला. काटा काढणे म्हणजे जनावराच्या शरीरावर प्रयोग करणे होय. त्यास वरिष्ठ कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. काटा राहू देणे म्हणजे केवळ निरीक्षण होय. त्यास कोणतीही परवानगी लागत नाही. इतका मानवतावादी निर्णय मी आजवर वाचलेला नाही.

तरीही आम्ही निर्दय नव्हतो. काटा काढावा असे आमच्यापैकी प्रत्येकाचे वैयक्तिक मत होते. प्रश्न होता तो कोणी काढावा याचा. निशांत सर म्हणाले, काटा ही वनस्पती आहे, मी प्राण्यांचा माणूस. वनस्पतिशास्त्राच्या मोहिनी मॅडम म्हणाल्या, काटा माझा हे मान्य, पण तो सध्या खुरात वास्तव्यास आहे आणि खूर तुमचा. काटा बाभळीचा की हिवराचा हे ठरल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही, आणि तो बाहेर आल्याशिवाय ते ठरणार नाही. ओढणे ही क्रिया बलाशी संबंधित असल्याने प्रकरण भौतिकशास्त्राकडे गेले. त्यांनी बलाचे गणित अचूक सोडवून दिले आणि उपयोजन आमच्या कक्षेत येत नाही असा शेरा मारला.

दरम्यान संशोधनाने वेग घेतला. संगीत विभागाने बगळ्या रूपक तालात चालतो हे सप्रमाण सिद्ध केले. मानसशास्त्राने जोडीतल्या दुसऱ्या बैलाची मुलाखत घेऊन त्याचे मौन बोलके असल्याचे नोंदवले. राज्यशास्त्राने पाय डावा असल्याची घोषणा केली आणि पोलीस बंदोबस्ताशिवाय पुढे जाण्यास नकार दिला. मी स्वतः 'मराठी कवितेतील काटा: एक सल' हा निबंध नागपूरच्या चर्चासत्रात वाचला. दोन श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांतले एक अध्यक्ष होते. या सगळ्या काळात बगळ्या गोठ्यात तीन पायांवर उभा असे.

ब्राझीलला आमचे अहवाल फार आवडले. त्यांच्या दंतवैद्यकाने कळवले की लंगडताना बैल दात खातो का याची उत्सुकता आहे. नृत्य विभागाला पावलांचे चित्रीकरण हवे होते. हवामानवाले, धर्मशास्त्रवाले, पूल बांधणारे, सगळे रांगेत उभे राहिले. त्यांचे विभाग आमच्या चौपट असल्यामुळे प्रकल्पाची मुदत तीन वर्षांनी वाढवावी लागली.

डवरणीचा दिवस आला. बगळ्याला जुंपता येईना. प्राचार्यांनी लगेच पुढाकार घेऊन तण काढायला विद्यार्थी स्वयंसेवकांची तुकडी वावरात पाठवली. मुलांनी जीव ओतून काम केले. दुपारपर्यंत त्यांनी कपाशी मुळासकट उपटली आणि तण जागच्या जागी सरळ ओळीत उभे ठेवले. श्रमदानाचे छायाचित्र पेपरात आले, पण ते कात्रण महादेवरावांनी खिशात ठेवले नाही.

त्या दिवशी विमलाबाई नवऱ्याला आमच्यासमोरच म्हणाल्या, "तुमाले फोटू पायजे का बैल पायजे, एकदा सांगून टाका."

महादेवराव गोठ्यात गेले. ते बगळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वासरू असताना त्यांनी त्याला बाटलीने दूध पाजले होते, असे काजल म्हणाली. मला वाईट वाटले. खरोखर वाटले. पण वाईट वाटणे कोणत्या विभागात नोंदवावे, हे मला ठरवता आले नाही.

मग पाय सुजला. खुराला घाण वास येऊ लागला आणि एका सकाळी बगळ्या बसला तो उठेना. प्राचार्यांच्या तोंडचे पाणी पळाले. बसलेला बैल लंगडू शकत नाही आणि संध्याकाळी ब्राझीलपुढे थेट प्रात्यक्षिक होते.

"उठवा त्याला," प्राचार्य म्हणाले. "काहीही करा, पण उठवा."

संध्याकाळी गोठ्यात कॅमेरा लागला, दिवे लागले, समोरच्या पडद्यावर ब्राझीलचे सगळे विभाग दाटीवाटीने बसले. शिपायांनी शेपटीकडून जोर लावला. बगळ्या हंबरला. तेवढ्यात महादेवराव सगळ्यांना बाजूला सारून पुढे आले. खांद्यावरची शाल त्यांनी चिखलात अंथरली, तिच्यावर बैलाचा पाय घेतला आणि काजलकडे हात केला.

"दे वो माय चिमटा."

"महादेवराव, करार!" प्राचार्य किंचाळले.

"करार घाला चुलीत. लय झालं तुमचं. पोरगी नापास झाली त घरी राहीन, बैल कुठून आनू मी?"

काटा निघाला. पू निघाला. दोन मिनिटांचे काम खरोखर दोनच मिनिटांत झाले. काजलने कढत पाण्याने पाय धुतला, विमलाबाईंनी हळद भरून फडके बांधले. पडद्यावरचे सगळे विभाग श्वास रोखून बसले होते. बगळ्या थरथरत उभा राहिला. त्याने एक पाऊल टाकले. दुसरे टाकले.

तो लंगडत होता.

पुढच्या आठवड्यात वर्ध्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पाय दाबून पाहिला आणि मान हलवली. फार उशीर झाला होता. सांधा धरला होता. काटा नसला तरी बगळ्या आता जन्मभर असाच चालणार होता.

प्राचार्यांनी मला आनंदाने मिठी मारली. आतापर्यंत आमचे संशोधन एका काट्यावर अवलंबून होते. कोणीही चिमटा घेऊन यावे आणि ते संपवावे. आता कारणच उरले नव्हते, नुसते लंगडणे उरले होते. ब्राझीलने याला मूलभूत संशोधनाचा दर्जा दिला आणि मुदतीची अट काढून टाकली. महादेवराव तेव्हा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तोंडावर गमछा धरून रडत होते. काजलला अंतर्गत गुण पैकीच्या पैकी मिळाले. तिने गुणपत्रिका नेली नाही, ती अजून कार्यालयात पडून आहे.

परवा एका गृहस्थांनी मला भर एस.टी.त झापले. म्हणाले, तुम्ही शिकलेली माणसे, काटा पहिल्या दिवशी डोळ्यांनी दिसत होता, मग काढला का नाही? मी त्यांना काय सांगणार? वाचकहो, तो आपल्यालाही पहिल्याच दिवशी दिसला होता. आपण तरी कुठे थांबलात? दर परिच्छेदाला बैलाचा पाय जास्त दुखत गेला आणि आपण हसत हसत पानावर खाली उतरत राहिलात, कारण पुढे काय होते ते आपल्याला पाहायचे होते.

आम्हालाही तेवढेच पाहायचे होते.