लोटाभर पाणी आणि जब्बारभाईंची नाव

जब्बारभाई भेटले की आधी तुमच्या गाडीचं चाक अंगठ्यानं दाबून बघतात, मग तुम्हाला सलाम करतात. चाक मऊ लागलं तर सलाम नाही. "अंगठा आत जाऊन राह्यला, सर! असं चाक घेऊन तुमी पोट्टे शिकवता?" म्हणत ते न विचारता हवा भरून टाकतात. सिरोंच्यात माझ्या घरासमोरच त्यांचं पंक्चरचं दुकान. त्यामुळे माझी मोटारसायकल कायम इतकी टणक असते की शाळेत पोचेपर्यंत माझीच हाडं ढिली होतात.

"हवा कमी, इज्जत कमी," हे त्यांचं ब्रीद. एकदा त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडी भर रस्त्यात अडवली आणि चारही चाकं ठणठणीत करूनच लग्नाला सोडली. मुहूर्त टळला. जब्बारभाईंचं म्हणणं, मुहूर्तातच हवा कमी होती.

दुपार कलली की दुकान बंद आणि भाई नदीवर. तिथं त्यांचा जोडीदार मल्लय्या, जातिवंत मासेमार. लाकूड कोरून केलेले दोन डोंगे शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेली दोघांची एक नाव होती. पुढं जब्बारभाई वल्हं मारणार, मागं मल्लय्या बसून तेलुगूत शिव्या घालणार, भाई एकीच्या दोन करून हिंदीत परत करणार. मासे थोडे, भांडण टोपलीभर.

हिवाळ्यात मल्लय्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण तो बोलेना. भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडून राहायचा. नाव त्याच्या अंगणात वाळत पडली. उन्हाळा लागला, गोदावरी सरकत सरकत पार पलीकडच्या अंगाला गेली आणि मधे नुसती रेतीच रेती उरली.

जब्बारभाईंनी एकदम घेतलं मनावर की नाव पाण्यात न्यायची.

"त्यात काय, चौघंजण मिळून उचलून नेऊ," मी म्हणालो.

"उचलून नाई. चाकावर. अन् धक्का नाई लागला पाहिजे."

"नावेला?"

"हौ. काऊन, नावेले जीव नसते का?"

मग दुकानापुढं गाडा तयार होऊ लागला. पहिल्यांदा मोटारसायकलची चाकं लावली; ती रेतीत रुतली ती म्हशीसारखी बसूनच राहिली. मग ट्रॅक्टरच्या जाडजूड ट्यूबांची चाकं आली. परीक्षेची पद्धत तर अफाट! नावेच्या फळीवर काठोकाठ भरलेला पितळी लोटा ठेवायचा आणि गाडा ओढायचा. पाणी सांडलं की गाडा नापास. बाजारातली माणसं विचारायची, "काय भाऊ, डोंग्याले कमरेचं दुखणं झालं का?"

ट्यूबा अर्थातच फुटेस्तोवर भरलेल्या. रेतीवर पाऊल टाकताच गाडा चेंडूसारखा उडायला लागला. तिसऱ्या उडीत लोटा गेला, उतारावर दोरी हातातून सुटली, आणि नाव एकटीच निघाली ती नदीच्या रेतीतल्या पोचक्काच्या डांगरवाडीचं काटेरी कुंपण मोडून टरबुजांत घुसली.

"जब्बारभाऊ," पोचक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "नाव पाण्यात चालते मन्तेत. माह्या डांगरात काऊन आनली?"

कुंपणाच्या बाभळीच्या काट्यांनी दोन्ही ट्यूबांची हवा निघून चालली होती. तोंड पाडून भाई गाडा माघारी ओढू लागले, आणि थबकले. गाडा उडत नव्हता. पसरलेल्या ट्यूबांवरून नाव लोण्यासारखी सरकत होती. पोचक्कानं लोटा भरून फळीवर ठेवला. आम्ही नदीच्या पात्रातून पार काठावरच्या उंबरापर्यंत गेलो. थेंब सांडला नाही.

जब्बारभाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. जन्मभराचा धर्म रेतीत बुडाला होता. दुकानात येऊन त्यांनी काट्यांची भोकं बुजवली, हवा भरली, मग माझ्याकडं पाठ करून दोन्ही ट्यूबांतली हवा स्वतःच्या हातानं अर्धी सोडली. "सर, गावात कोणाले सांगू नका," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मल्लय्याच्या अंगणात मदतीला गेलो. लोटा दिसला नाही. जब्बारभाई आणि मल्लय्याची बायको घरातून खाट उचलून आणत होते, मल्लय्यासकट. ती त्यांनी नावेच्या फळ्यांवर ठेवली आणि दोरीनं पक्की बांधली. मी गुपचूप गाड्याला मागून हात लावला.

अख्ख्या रेतीत मल्लय्याचं डोकं उशीवरून हललंसुद्धा नाही. नाव पाण्यात शिरली, गाडा आणि मी काठावर राहिलो. भाईंनी वल्हं घेतलं. मल्लय्या आभाळाकडं बघत गप्प. भाई उगाच बडबडत होते, ऊन काय, मासे काय. त्या नादात वल्हं वाकडं पडलं आणि नाव गर्रकन फिरली.

"सरिगा वेय्यरा!" मल्लय्याच्या वाकड्या तोंडातून फाटका आवाज आला. नीट मार रे! मागोमाग एक सणसणीत शिवीही आली.

एकीच्या दोन करणाऱ्या जब्बारभाईंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. गमछ्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मग मी काठावरून डोळ्यांनी बघितलं, त्यांनी मुद्दाम वल्हं पुन्हा वाकडं मारलं.